सेट आहे का?

परवा सांगलीत एका सरकारी खिडकीपुढं तासभर उभा राहिलो, तेव्हा कुठं नंबर आला. आतल्या मॅडमनी अर्जाकडं न बघताच विचारलं, "काय करता?"

"कॉलेजात इंग्रजी शिकवतो."

"सेट आहे का?"

हा प्रश्न गेली नऊ वर्षं मला बारशापासून मयतापर्यंत सगळीकडं विचारला गेलाय. त्यामुळं तोंडातून आपसूक निघालं, "नाही ओ मॅडम. चारदा दिली. मागच्या वेळी थोडक्यात हुकली."

मॅडम क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "झेरॉक्सचा सेट विचारतेय मी. दोन लागतात."

रांग हसली. हसू दे. पण 'थोडक्यात' म्हणजे किती हे मी आईलाही धड सांगितलेलं नाही, आणि इथं पंधरा-सोळा अनोळखी माणसांना फुकटात सांगून बसलो. त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या मागं तासगावकडचे एक काका होते. द्राक्षबागायतदार. ते हसले नाहीत. ते चौकशीला लागले.

"चारदा दिली म्हंजे काय दिली?"

"परीक्षा, काका. प्राध्यापक व्हायला लागते. सेट म्हणतात."

"आन तुम्ही तर आत्ताच शिकवताय म्हणं."

"तासावर. जेवढे तास तेवढे पैसे. सुट्टीत काही नाही."

"आमच्याकडं छाटणीला टोळी येती, तसं."

"टोळीला पैसे लगेच मिळतात काका. आमचं बिल सहा-सहा महिने निघत नाही."

काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "लगीन?"

"नाही अजून."

"म्हंजे तिकडनंबी सेट नाही." मग आवाज खाली आणून, "आत कुणाशी सेटिंग?"

"नाही."

"मग अवघड हाय." आणि मागच्या माणसाकडं वळून, "सर लई हुशार हायत, पर कुठंच सेट नाहीत." त्या माणसानंही मान हलवली. काकांचा भाचा मात्र पुण्यात सेट आहे. फ्लॅट, गाडी, बायको, समदं सेट. बायकोच्या माहेरची माणसं तेवढी अजून सेट व्हायची आहेत.

वर्गात हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतो: १९८९च्या ऑक्सफर्ड डिक्शनरीत ह्या तीन अक्षरांच्या शब्दाचे ४३० अर्थ दिलेत. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन'नं त्याला मागं टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५. आता रन म्हटल्यावर आम्हाला एकच अर्थ सुचतो. विजय हजारे जन्मानं सांगलीचे, १९४८ला अॅडलेडच्या एकाच कसोटीत दोन शतकं. पण सेटसाठी ऑक्सफर्डवाल्यांनी इकडं यायला हवं होतं. आमच्याकडं दही सेट होतं, पार्लरमध्ये केस सेट होतात, सोन्याचा सेट काचेबाहेरून बघायचा असतो, आणि लग्नात आलेला लेमन सेट न उघडता पुढच्या लग्नात द्यायचा असतो. ज्या गावात १८४३ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तिथं नाटकाचा सेट आठव्या-नवव्या नंबरला गेला, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि ती परीक्षा! बसलेल्यांपैकी ६ टक्के पास करायचे, असा हिशोब. उरलेल्या ९४ टक्क्यांतले आम्ही तुमची पोरं शिकवतो. तासावर.

असो. काकांनी पिशवीतनं मोबाइल काढला. ह्या आठवड्यात शेतीची लाइट रात्री, दीडला उठून मोटर चालू करायची. "तेवढा गजर सेट करून द्या. नगं, मलाच शिकवा. आधी तुमच्यात दावा, मग मी माझ्यात करतो." मी दाखवलं. त्यांनी मन लावून बघितलं. "सोपं हाय की!" म्हणाले आणि मोबाइल परत पिशवीत टाकला. माझा नंबर धरून ठेवायचंही कबूल केलं.

खाली झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "किती सेट?" ह्या वेळी मी नीट विचार करून उत्तर दिलं. वर आलो तर जेवणाची सुट्टी. सुट्टीनंतर मॅडमनी एक सेट ठेवला, दुसरा माझ्याकडं सरकवला. "हल्ली एकच घेतो."

मी काही बोललो नाही. बोलणार काय? चारदा नापास माणूस.

रात्री गाढ झोपेत उशाशी मोबाइल ठणाणा वाजायला लागला. दचकून उठलो. आई शेजारच्या खोलीतनं ओरडली, "कुणाचं काय झालं रे?" घड्याळ बघितलं. दीड.

"काही नाही गं, झोप," म्हटलं. "मोटर चालू करायचीय."