पुलापलीकडचा विमानतळ आणि अडवलेली बस

सिंगापूरच्या उत्तर टोकाला उभे राहिले की समोर मलेशियातल्या जोहोर बाहरूच्या उंच इमारती स्पष्ट दिसतात. मधला कॉजवे, म्हणजे समुद्रात भराव घालून बांधलेला रस्ता, जेमतेम एक किलोमीटरचा आहे. त्या शहराच्या पलीकडे पंचवीस-तीस किलोमीटरवर सेनाईचा विमानतळ आहे, आणि तिथून लंकावी, पेनांग, कुचिंग, कोटा किनाबालू अशा ठिकाणी जाणारी विमाने मलेशियाची देशांतर्गत उड्डाणे म्हणून सुटतात, त्यामुळे सिंगापूरच्या चांगी विमानतळाहून त्याच ठिकाणी जाणाऱ्या विमानांपेक्षा ती बहुतेक वेळा बरीच स्वस्त पडतात. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवाल्यांना मलेशियाचा व्हिसा काढावा लागत नाही. म्हणजे इथे सिंगापुरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना हा विमानतळ खरे तर दाराशी असल्यासारखा आहे. असे असताना घरातून निघून, मुले आणि बॅगा सांभाळत, विमानाच्या वेळेत तिथे पोहोचणे इतके अवघड का करून ठेवले आहे, या प्रश्नाने मला आता मनापासून संताप येतो.

ज्यांनी हा प्रवास केलेला नाही त्यांच्यासाठी तो नीट सांगितला पाहिजे. सीमेपलीकडे जाणारी साधी बस घेतली, तर सिंगापूरच्या बाजूच्या वुडलँड्स सीमानाक्यावर सगळ्यांना सामानासकट खाली उतरावे लागते. सरकत्या जिन्याने वर जायचे, पासपोर्ट किंवा आता क्यूआर कोड दाखवून बाहेर पडायचे, पुन्हा खाली उतरून त्याच क्रमांकाच्या बसच्या रांगेत उभे राहायचे. ज्या बसने आपण आलो ती थांबलेली नसते; तिकीट जपून ठेवायचे किंवा कार्ड पुन्हा टेकवायचे आणि मागून येणाऱ्या बसमध्ये जागा मिळेल ती घ्यायची. या बसथांब्यावर पंख्यांची हवा आणि इंजिनांचा धूर एकत्र अंगावर येतो, बाकडी नसतात, आणि चाकांची मोठी बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे रोज कामाला जाणारे प्रवासी वैतागून पाहतात, यात त्यांचीही काही चूक नाही, कारण ती बस बॅगांसाठी बनवलेलीच नाही. कॉजवे ओलांडला की पुन्हा उतरायचे, पुन्हा वर, पुन्हा रांग, पुन्हा शिक्का. त्यानंतर जेबीच्या, म्हणजे जोहोर बाहरूच्या, स्थानकातून विमानतळाची वेगळी बस शोधायची. शाळांना सुट्टी लागते त्या जूनमध्ये आणि वर्षाच्या अखेरीस या रांगा काही तासांच्या होतात, आणि विमान कोणासाठी थांबत नसल्यामुळे माणूस पहाटेच घराबाहेर पडतो.

पासपोर्ट तपासण्याला माझा विरोध नाही. दोन सार्वभौम देश आहेत, तपासणी होणारच आणि ती व्हायलाच हवी. माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. या तपासणीच्या दोन्ही बाजूंना प्रवाशांची ने-आण कोणी करायची, कोठून करायची आणि कोठे सोडायचे, यावर परवान्यांचा जो पहारा बसवला आहे, त्यामुळे ही सगळी दमछाक कायम राहिली आहे. सामानाचा कप्पा असलेली, विमानांच्या वेळा सांभाळणारी, तपासणी होईपर्यंत आपल्या प्रवाशांसाठी थांबणारी आणि एका तिकिटात घराजवळून थेट सेनाईला नेणारी बस ही काही अशक्य कोटीतली मागणी नाही. रात्री मलाक्का किंवा क्वालालंपूरला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या प्रवाशांसाठी थांबतातच. विमानतळासाठी तशी भरवशाची सोय शोधायला गेलो की मात्र हाती काही लागत नाही.

गेल्या वर्षाअखेरीस पुण्याहून आई-बाबा आले होते आणि सर्वांनी मिळून लंकावीला जायचे ठरले होते. आईच्या गुडघ्यांमुळे सामान घेऊन चढउतार करणे शक्यच नव्हते, म्हणून एका खासगी गाडीवाल्याकडे आधीच आगाऊ रक्कम भरून ठेवली होती. आदल्या रात्री त्याचा निरोप आला की कारवाईचे दिवस आहेत, गाडी जप्त होण्याची भीती आहे, येता येणार नाही. तोपर्यंत चांगीहून जाणाऱ्या विमानांचे दर पाचजणांच्या कुटुंबाला परवडण्याच्या पलीकडे गेले होते. आई म्हणाली, "राहू दे रे, समुद्र काय इथेही आहे." तिने समजूतदारपणे सांगितले, आणि त्या समजूतदारपणाचाच मला जास्त त्रास झाला. पंचाहत्तरीला आलेल्या माणसांनी आपल्या इच्छा अशा आवरून का घ्याव्यात? समोर रिकाम्या जागा असलेले विमान आहे, तिकिटाचे पैसे भरलेले आहेत, रस्ता आहे, पूल आहे. नाही ती फक्त कायदेशीर गाडी.

त्या गाडीवाल्याला तरी मी काय दोष देणार? परदेशी नोंदणीच्या गाडीने सिंगापुरात परवान्याविना प्रवासी भाडे घेतले, तर ३,००० सिंगापूर डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि गाडी जप्त होणे अशी शिक्षा कायद्यात आहे. जुलै २०२५ मध्ये चांगी विमानतळाच्या परिसरातही अशा गाड्यांवर जोरदार कारवाई झाली. विमा नसलेल्या गाडीत कुटुंबाला बसवणे धोक्याचे आहे, हे मला मान्य आहे. पण लोक त्या गाड्यांकडे का वळतात, याचा विचार कारवाई करणाऱ्यांनी कधी करायचा? परवानाधारक सीमापार टॅक्सींची संख्या दोन्हीकडे मर्यादित ठेवलेली, आणि वर्षानुवर्षे त्यांना प्रवासी घेण्यासाठी सिंगापुरात बान सान स्ट्रीटचा आणि जेबीत लार्किनचा तळ नेमून दिलेला. घरापासून तळापर्यंत एक टॅक्सी, तळापासून तळापर्यंत दुसरी, तिथून विमानतळापर्यंत तिसरी, असेच वर्षानुवर्षे चालले. सरळ मार्ग बंद करून ठेवायचा आणि मग आडवाटेने जाणाऱ्याला पकडायचे, याला मी वाहतुकीचे नियोजन म्हणू शकत नाही.

हे सगळे निष्काळजीपणातून झाले असते तर एक वेळ समजून घेता आले असते. मला चीड येते ती यामागच्या जुन्या हिशेबाची. १९७२ मध्ये मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्सची वाटणी होऊन दोन राष्ट्रीय कंपन्या झाल्या, आणि त्यानंतर पस्तीसएक वर्षे सिंगापूर ते क्वालालंपूर हा सुमारे ३०० किलोमीटरचा हवाई मार्ग जवळजवळ त्या दोघींच्याच ताब्यात राहिला. तासाभराच्या उड्डाणासाठी जाऊन-येऊन ४०० सिंगापूर डॉलरांच्या आसपास भाडे पडत असे. १ फेब्रुवारी २००८ रोजी स्वस्त विमान कंपन्यांना या मार्गावर पाय ठेवू दिला गेला, तोही सुरुवातीला दिवसाला मोजक्याच फेऱ्यांपुरता; मार्ग पूर्ण खुला व्हायला त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला. आज हा जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय हवाई मार्गांपैकी एक आहे. म्हणजे प्रवासी तेव्हाही होते, त्यांना जायचेही होते. पस्तीस वर्षे त्यांच्याकडून जास्तीचे पैसे घेतले गेले किंवा त्यांना रात्रभर बसमध्ये बसवले गेले.

सेनाईच्या बसची गोष्ट याच काळातली आहे. मलेशियाच्या एअरएशिया या स्वस्त विमान कंपनीने २००३ मध्ये सेनाईला आपला दुसरा तळ उभारला, कारण सिंगापूरकरांना कॉजवेपलीकडून स्वस्तात उडवता येईल हे तिने ओळखले होते. त्यासाठी सिंगापूरहून सेनाईपर्यंत स्वतःची बस चालवण्याची परवानगी तिने मागितली आणि सिंगापूरने ती नाकारली. त्याच सुमारास, २००४ च्या सप्टेंबरमध्ये, टायगर एअरवेजची उड्डाणे चांगीहून सुरू झाली, आणि तिच्यात ४९ टक्के वाटा सिंगापूर एअरलाइन्सचा होता. स्वतःची स्वस्त कंपनी आकाशात पाठवायची आणि शेजारच्या स्वस्त कंपनीची बस रस्त्यावर येऊ द्यायची नाही, यातला हेतू समजायला फार मोठ्या अभ्यासाची गरज नाही. विमान अडवायचे तर करार लागतात, वाटाघाटी लागतात, जगासमोर उत्तर द्यावे लागते. बस अडवायला एका कार्यालयातला एक नकार पुरतो, आणि परिणाम तोच होतो, कारण प्रवासी विमानापर्यंत पोहोचलाच नाही तर विमान कितीही स्वस्त असले तरी त्याच्या उपयोगाचे नाही.

फक्त सिंगापूरला बोल लावणेही अन्यायाचे ठरेल. क्वालालंपूरच्या मार्गावरची मक्तेदारी राखण्यात मलेशियाने आपल्या राष्ट्रीय कंपनीच्या काळजीपोटी तितकाच पुढाकार घेतला होता. सिंगापूर नोंदणीच्या गाड्यांनी जोहोरमध्ये भाडे घेतले तर तिथले अधिकारीही तितक्याच तत्परतेने कारवाई करतात, आणि टॅक्सीवाल्यांच्या संघटना दोन्ही बाजूंना एकाच सुरात बोलतात. या वादात बोलायला कोणी नसते ते प्रवाशाच्या बाजूने. दोन्ही राजधान्यांत बैठका होतात, चालकांचे म्हणणे ऐकले जाते, कंपन्यांचे ऐकले जाते, विमानतळांचे ऐकले जाते. बॅग उचलून जिना चढणाऱ्याला कोणी विचारत नाही.

इतर ठिकाणी हे जमते, म्हणून राग आणखी वाढतो. बाझेलचा विमानतळ फ्रान्सच्या भूमीवर आहे आणि स्विस शहरातून नेहमीची सिटी बस तिथे जाते. व्हिएन्नाचे लोक स्वस्त विमानासाठी सरळ बसने सीमेपलीकडच्या ब्रातिस्लावाला जातात. तिथे सीमेवर तपासणी नसते, त्यामुळे ते सोपे आहे, असे कोणी म्हणेल. मग तिहुआनाकडे पाहावे. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यामधली सीमा जगातल्या कडक सीमांपैकी एक आहे, आणि तरीही २०१५ च्या डिसेंबरपासून सॅन डिएगोच्या बाजूने प्रवासी एका बंदिस्त पादचारी पुलावरून बॅग ओढत थेट तिहुआनाच्या विमानतळात जातात, पासपोर्ट तपासणी तिथेच होते. हाँगकाँगच्या विमानतळावरून शेन्झेनला जाणाऱ्या बसगाड्या आणि बोटी आहेत. या सर्वांपेक्षा सिंगापूर आणि जोहोर कमी श्रीमंत किंवा कमी कार्यक्षम आहेत, असे म्हणण्याची कोणाची हिंमत होणार नाही.

आता सांगितले जाते की वुडलँड्स नॉर्थ ते बुकित चागर ही नवी आरटीएस रेल्वे २०२६ च्या अखेरीस सुरू होणार आहे, दोन्ही देशांची तपासणी निघण्याच्या ठिकाणीच होईल आणि तासाला एका दिशेने दहा हजार प्रवासी जाऊ शकतील. ही गोष्ट चांगली आहे आणि ती मी मनापासून स्वागतार्ह मानतो. पण ती गाडी बुकित चागरला थांबते, सेनाईला जात नाही. जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही सरकारांनी जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार केला आणि त्यात सेनाई-स्कुदाईचा पट्टाही घेतला आहे. कारखान्यांचा माल, गुंतवणूकदार आणि कुशल कामगार यांची ये-जा सुलभ करण्यासाठी पानेच्या पाने लिहिली जातात. त्याच पट्ट्यातल्या विमानतळावर कुटुंबाने सामानासह कसे पोहोचायचे, हा प्रश्न मात्र दोन परवाना खात्यांच्या मर्जीवर सोडलेला आहे.

आणि इकडे चांगीवरची स्वस्त उड्डाणे कमी होत चालली आहेत. जेटस्टार एशियाने ३१ जुलै २०२५ रोजी कायमचे दार लावले आणि त्यामागे विमानतळाचे वाढते आकार हेही एक कारण म्हणून सांगितले. चांगीहून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या तिकिटात ६० सिंगापूर डॉलरांहून अधिक आकार आधीच मिसळलेले असतात. पाचजणांच्या कुटुंबाला ही रक्कमच ३०० डॉलरांच्या पुढे जाते, विमानाचे भाडे त्यानंतर. हे आकार कमी करा असे मी म्हणत नाही, चांगी उत्तम चालवायला पैसे लागतात. पण ज्याला ते परवडत नाहीत त्याचा शेजारच्या विमानतळाकडे जाणारा रस्ता तरी मोकळा ठेवा. आरटीएस सुरू होईल त्याच दिवसापासून बुकित चागरहून सेनाईच्या विमानांच्या वेळा धरून बस सोडा, सिंगापूरच्या जुरोंग, वुडलँड्स आणि ताम्पिनिससारख्या वस्त्यांतून सेकंड लिंक या दुसऱ्या पुलामार्गे थेट जाणाऱ्या गाड्यांना विम्यासह, ठरलेल्या भाड्याने, दोन्ही देशांच्या चालकांना सारख्या संख्येने परवाने द्या, आणि एखाद्या कंपनीला परवाना नाकारला तर नकाराचे कारण लेखी प्रसिद्ध करा, म्हणजे बस सुरक्षिततेसाठी अडवली की कोणाच्या तिकीटविक्रीसाठी, हे आम्हाला वाचता येईल.