लायबेरियाचं युद्ध 'सेक्स स्ट्राइक'ने थांबलं नाही, ते फॉरवर्ड पुढे पाठवू नका

परत तेच फॉरवर्ड सुरू झालंय. जगात कुठेही युद्धाची बातमी आली की येतंच. मजकूर साधारण असा: "लायबेरियात 14 वर्षं युद्ध चाललं होतं. एका बाईने सगळ्या बायकांना सांगितलं, युद्ध थांबेपर्यंत नवऱ्याला जवळ येऊ देऊ नका. काही दिवसांत पुरुष वठणीवर आले आणि राष्ट्राध्यक्षाने घाबरून शांतता करार केला. बाईला हे एकच शस्त्र पुरेसं आहे." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. शिकलेली माणसं पाठवतात, काही मैत्रिणी तर कौतुकाने पाठवतात. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण त्या बायकांनी जे सोसलं आणि जे करून दाखवलं त्यातलं काहीच या चार ओळीत उरत नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन लिहितेय.

"काही दिवसांत पुरुष वठणीवर आले." नाही आले. तसा संप पुकारला होता हे खरंय, पण या चळवळीची नेता लेमा ग्बोवी हिने स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की त्याचा प्रत्यक्ष परिणाम जवळजवळ झालाच नाही, फायदा एवढाच की बाहेरच्या मीडियाचं लक्ष तिकडे गेलं. आणि साधा विचार करा, ज्या युद्धात बलात्कार हत्यारासारखा वापरला जात होता, शाळेत जायच्या वयाच्या पोरांच्या हातात एके-47 दिल्या होत्या, तिथे बंदूकवाला कोणाच्या परवानगीसाठी थांबणार होता? हे फॉरवर्ड वाचून हसणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही याचंच वाईट वाटतं.

मग केलं काय? एप्रिल 2003 मध्ये राजधानी मन्रोव्हियात मासळी बाजाराजवळच्या मैदानात या बायका येऊन बसल्या. जागा विचार करून निवडलेली, कारण राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरच्या गाड्यांचा ताफा त्याच रस्त्याने जायचा, म्हणजे त्याला रोज येताजाता यांच्याकडे बघावंच लागणार. पांढरे टी-शर्ट, डोक्याला पांढरं फडकं, दागिना नाही, मेकअप नाही, "लायबेरियाच्या बायकांना शांतता हवी, आत्ता हवी" अशा अर्थाचा मोठा बॅनर. ऊन डोक्यावर घेऊन बसल्या, मग पाऊस सुरू झाला तर पावसात बसल्या, रोज. त्यात मासळी विकणाऱ्या होत्या, घरदार सोडून निर्वासितांच्या छावणीत राहणाऱ्या होत्या, मुलं गमावलेल्या होत्या. टेलरने आधीच बजावलं होतं की रस्त्यावर येऊन माझ्या सरकारची शोभा करायची नाही, आणि हा माणूस कसा आहे ते सगळ्या ओळखून होत्या. तरी बसल्या. शेवटी 23 एप्रिलला त्याला त्यांना भेटावं लागलं. तिथे ग्बोवी त्याच्यासमोर उभं राहून बोलली की आम्ही युद्धाला कंटाळलोय, पळून पळून कंटाळलोय, मदतीच्या दलियासाठी हात पसरून कंटाळलोय, आमच्या लेकरांवरचे बलात्कार बघून कंटाळलोय.

"एका बाईने सांगितलं." हे तर साफ खोटं. ग्बोवी ख्रिश्चन, चर्चमधल्या बायकांना घेऊन तिने आणि वायबा फ्लोमोसारख्या सहकाऱ्यांनी सुरुवात केली, पण असातू बा केनेथ नावाची पोलीस खात्यातली मुस्लिम बाई उभी राहिली आणि म्हणाली की मी मुस्लिम बायकांना आणते, म्हणून ते आंदोलन देशाचं झालं. सुरुवातीला दोन्हीकडे कुरबुरी होत्या, यांच्याबरोबर कसं बसायचं वगैरे. त्यावर त्यांचा एकच सवाल होता: गोळीला कळतं का समोरचा ख्रिश्चन आहे का मुसलमान? मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच गायब.

"राष्ट्राध्यक्षाने घाबरून करार केला." बायकांचा दबाव त्याला बोलणीपर्यंत घेऊन आला, आणि दुसऱ्या बाजूचे बंडखोर तयार व्हावेत म्हणून काही जणी शेजारच्या सिएरा लिओन देशात जाऊन त्यांच्या म्होरक्यांनाही भेटून आल्या. 4 जून 2003 ला घानात बोलणी सुरू झाली आणि त्याच दिवशी सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष कोर्टाचं टेलरवरचं आरोपपत्र जाहीर झालं, तो तडक परत गेला. पुढे आठवड्यांमागून आठवडे नुसती चर्चा, कोणाला कुठलं मंत्रीपद यावर घासाघीस, प्रतिनिधी चांगल्या हॉटेलात आणि इकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडताहेत. जुलैमध्ये बायकांचा संयम संपला. घानात जिथे बोलणी चालली होती त्या हॉलच्या दारात त्या हातात हात अडकवून बसल्या आणि निरोप पाठवला की करार केल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. सिक्युरिटीवाले ग्बोवीला अटक करायला आले तेव्हा ती अंगावरचे कपडे काढायला लागली. तिकडे आईच्या वयाच्या बाईने असं करणं म्हणजे बघणाऱ्याला शाप. गार्ड मागे हटले. मध्यस्थ होते नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल अबूबकर, त्यांनी बायकांची बाजू घेतली, बंडखोरांचा एक म्होरक्या बायकांना ओलांडून जायला लागला तर त्याला झापून जागेवर बसवलं. त्यानंतर बोलण्यांचा सूरच बदलला. 11 ऑगस्टला टेलरने पद सोडलं, 18 ऑगस्टला करार झाला.

आता कोणी म्हणेल की हे सगळं बंडखोरांच्या रेट्यामुळे, आरोपपत्रामुळे, पश्चिम आफ्रिकी देशांच्या फौजेमुळे झालं. त्याचाही भाग होताच, मी नाही म्हणत नाही. पण फौजा आणि दबाव या युद्धात आधीही येऊन गेले होते आणि करार होऊन मोडले होते. या वेळी करार करणाऱ्यांना दारात बसून कोणीतरी जाब विचारत होतं, हा फरक होता.

"हे आफ्रिकेत चालतं, आपल्याकडे नाही" असं फॉरवर्डखाली एकाने लिहिलंय. मणिपूर आपल्याच देशात आहे ना? आसाम रायफल्स या निमलष्करी दलाने घरातून पकडून नेलेल्या थांगजाम मनोरमाच्या हत्येनंतर 15 जुलै 2004 ला इम्फाळच्या कांगला किल्ल्यासमोर, आसाम रायफल्सच्या दारात, 12 बायकांनी कपडे उतरवून निषेध केला, आया आणि आज्या होत्या त्या. ऑगस्टमध्ये इम्फाळ नगरपालिका हद्दीतून अफ्स्पा, म्हणजे सैन्याला विशेष अधिकार देणारा कायदा, हटवला, नोव्हेंबरमध्ये आसाम रायफल्सने कांगला सोडला. पूर्ण मणिपूरमधून कायदा गेला नाही, ती लढाई पुढे चालूच राहिली. पण आपल्याकडे चालत नाही हे म्हणू नका.

आणि शेवटचं, "एकच शस्त्र." त्यांच्याकडे बरीच होती आणि करारानंतरही ती चालूच राहिली. डिसेंबर 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रं गोळा करायचं काम घाईत सुरू केलं आणि शेफेलिन नावाच्या लष्करी कॅम्पवर गोंधळ उडाला, शस्त्रं द्यायला आलेली, दारू प्यायलेली लढवय्यी पोरं हवेत गोळ्या झाडताहेत, काम बंद ठेवावं लागलं. या बायकांनी आधीच सांगितलं होतं की तयारी पुरेशी नाही, त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. पोरांना समजावून शांत करायला शेवटी त्याच पुढे गेल्या. 2004 च्या एप्रिलमध्ये ते काम परत सुरू झालं. मग 2005 च्या निवडणुकीसाठी मतदार नोंदणीला जा म्हणून त्यांनी बायकांना बाहेर काढलं, बाजारात जाऊन, स्टॉलवर तुझ्या जागी मी बसते, लेकराला मी सांभाळते, तू नाव नोंदवून ये, असं म्हणत. त्या निवडणुकीत एलन जॉन्सन सरलीफ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, आणि त्यांनी जानेवारी 2006 मध्ये शपथ घेतल्यावरच या बायकांनी आपलं आंदोलन थांबवलं.