खडूचे पैसे

गेल्या पाडव्याला तालमीच्या फळ्यावर सुविचार लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सुविचार वाचून कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत कुणी सुधारल्याचं ऐकिवात नव्हतं, म्हणून म्हटलं, पैशाचं लिहू. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं येतं तरी काय?

पहिल्या सोमवारी ७२ चा नियम लिहिला. ७२ ला व्याजदरानं भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं निघतात. ८ टक्क्यांनी ९ वर्षं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध विकणारे तात्या फळ्यासमोर बराच वेळ थांबले. मला वाटलं, गणित पटलं.

"सायेब, ९ वर्षांत माझ्या एका म्हशीच्या चार झाल्या. दूध वर."

"पण तात्या, त्यात जोखीम?"

"हाय की. लाथ मारती."

पुढं ठेवींच्या विम्याचं लिहिलं. बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज मिळून एका बँकेत माणशी ५ लाखांपर्यंतच संरक्षण. लोकांनी पहिले तीनच शब्द वाचले. दिवेलागणीपर्यंत 'सायबांची बँक बुडाली' ही बातमी रंकाळ्यापर्यंत जाऊन परत आली. सख्ख्या काकूनं ठेव मोडली आणि गुजरीत जाऊन साज केला. त्यानंतर सोनं असं काही चढलं, की आता काकूच मला सल्ले देते.

पीपीएफ या सरकारी बचत योजनेची मुदत १५ वर्षं, असं लिहिलं तेव्हा खाली कुणीतरी खडूनंच विचारलं, 'तवर तुमी हाय का?' अक्षर ओळखीचं होतं. सोडून दिलं.

सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे अडीनडीसाठी बाजूला ठेवा, हे मात्र मी स्वतःही पाळलं. मग एका रविवारी सांगलीचे पाहुणे न कळवता आले. बायको म्हणाली, "नड आली. काढा." वहीत नोंद : अडीनडी, मटण २ किलो. पुढच्या महिन्यात : अडीनडी, मटण दीड किलो. त्यांना पांढरा रस्सा फार आवडला होता. वर्षात अशा ११ नडी आल्या आणि एकीतही दवाखान्याचं नाव नाही.

परवा पाडव्याला खडूचे १४० रुपये मागायला खजिनदाराकडं गेलो. फळ्यावर माझंच ताजं अक्षर होतं : 'हप्ता कधीही चुकवू नका.' त्यानं भिशीची वही उघडली, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "काका, दोन राहिल्यात. त्यातनं १४० वजा करू?"