एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: धाबं, दहाची वेळ आणि कापलेले १४,५०० रुपये

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि कालचा दिवस जाऊ देऊन आज लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की वाडा दिसायला छान आहे, पण मालकिणीला शूटिंगमधलं काही कळत नाही. धाब्यावर, म्हणजे वाड्याच्या मातीच्या छतावर, कॅमेरा नेल्याचं निमित्त करून डिपॉझिटमधले १४,५०० कापले, रात्री दहाला गाण्याचा स्पीकर बंद करायला लावला, देवघर दिलं नाही, कागदं मागून डोकं खाल्लं, चाळीस माणसांना एकच संडास आणि शेजारच्या गिरणीने साउंड वाया घालवला. शेवटी एक वाक्य आहे: "लोकेशन देणं हा धंदा आहे, तो घर समजून करू नये."

आधी जे खरं आहे ते मान्य करते. संडास एकच चालू होता. मी फोनवर दोन सांगितले होते. दुसऱ्याचं काम शूटच्या आधी उरकेल असं गवंडी म्हणाला, मी त्याच्या शब्दावर राहिले आणि तुम्हाला कळवलं नाही. मे महिन्यात, ४४ डिग्रीत, तुमच्या युनिटमधल्या मुली बाटली हातात धरून ओट्यावर रांगेत उभ्या होत्या, ते मी पाहिलंय. त्याची मला लाज वाटली आणि मी त्यांची तिथेच माफी मागितली. तुमचीही मागते. आता दोन्ही संडास तयार आहेत, आणि वीसच्या वर माणसं असतील तर फिरतं शौचालय लागेल असं मी पहिल्याच फोनला सांगते.

गिरणीचंही तुमचं बरोबर आहे. तुमची माणसं रेकीला, म्हणजे शूटच्या आधी जागा बघायला, आली तो गिरणीच्या सुट्टीचा वार होता, म्हणून वाडा त्यांना शांत वाटला. चक्की सकाळी आठला सुरू होते हे मला पाठ आहे, पण रोज कानावर पडणारा आवाज घरच्या माणसाला ऐकूच येत नाही, तसं माझं झालं. तुमचा साउंडवाला दर दहा मिनिटांनी हेडफोन काढून कपाळाला हात लावायचा. आता संवादाचं शूट असेल तर गिरणीवाल्या भाऊंना त्या दिवसाची मजुरी देऊन चक्की बंद ठेवायची, असं आमचं ठरलंय. रेकी शूटच्याच वारी आणि शूटच्याच वेळेला करा, असंही मी येणाऱ्याला सांगते.

आता धाब्याचं. इथे मला सविस्तर लिहू द्या, कारण रिव्ह्यूमध्ये "धाब्यावर कॅमेरा नेला" एवढंच आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल की स्लॅबवर ट्रायपॉड ठेवला आणि या बाईने पैसे कापले.

आमच्या घराला स्लॅब नाही. सागाच्या तुळया, त्यावर कड्या, कड्यांवर लाकडी पट्ट्या, त्यावर निंबाचा पाला, मग मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी. ही पांढरी माती पहिल्या पावसात फुगून बसते आणि खाली थेंब जाऊ देत नाही. दरवर्षी मृगाच्या आधी ती नव्याने टाकावी लागते, चोपावी लागते आणि पन्हाळाकडे बोटभर उतार धरावा लागतो. तो उतारच घर वाचवतो. पाणी वाहून गेलं तर धाबं शंभर वर्षं टिकतं. तेच पाणी वर साचलं की चार दिवसांत गळायला लागतं.

तुमचे डायरेक्टर मला म्हणाले होते, "काकू, तुम्ही उन्हाळ्यात वरच झोपता, पापड-कुरडया वाळवता, मग आमचं काय जड?" प्रश्न रास्त होता. आम्ही चार माणसं चार कोपऱ्यांत गोधडी टाकून अनवाणी झोपतो. जिब म्हणजे कॅमेरा उंच फिरवायचा लोखंडी सांगाडा, मागे लटकवलेली वजनं, भोवती दहा-बारा माणसं, आणि सगळा भार दोन तुळयांमधल्या एकाच खणावर. शिवाय पायात बूट, आणि खारी टाकून जेमतेम आठ दिवस झालेले. तिने अजून पाणीच प्यायलेलं नव्हतं. टाच वळली की वरची पापडी फुटते. वाळूच्या पिशव्या ठेवल्या तिथे वाटीएवढे खळगे पडले.

रेकीला मी वर नेऊन हे दाखवलं होतं आणि दोन माणसं व हातातला कॅमेरा, एवढ्याला हो म्हटलं होतं. शूटच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी युनिटच्या जेवणासाठी मळ्यात भरताची वांगी भाजून घेत होते, तेवढ्यात जिब वर गेला. मी आले तेव्हा शॉट झाला होता. मी आरडाओरडा केला नाही. फक्त फोटो काढले आणि तुमच्या प्रॉडक्शनच्या मुलाला दाखवले. "हो काकू, बघतो" म्हणाला.

११ जूनला पहिला जोराचा पाऊस आला. रात्री दोनच्या सुमाराला सासूबाईंनी मला हाक मारली, "ऊठ वं, धाबं गयी रायनं." म्हणजे धाबं गळतंय. मधल्या खोलीत, बरोब्बर जिबच्या खाली, कोठीजवळ पाणी टपकत होतं. कोठीत वर्षाची दादर ज्वारी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई त्या रात्री झोपल्या नाहीत. एका जागी थेंब थांबला की वीतभर पुढे दुसरा सुरू व्हायचा, आणि त्या परात सरकवत बसल्या. सकाळी ज्वारी अंगणात पसरली, ती दोन दिवस वाळत होती. त्याचे पैसे मी लावलेले नाहीत.

लावलेले हे आहेत: खारीच्या दोन ट्रॉल्या ५,०००, चार माणसांची दोन दिवसांची मजुरी ४,८००, एक कडी तडकली ती बदलायला सुतार आणि लाकूड ३,२००, आणि काम होईपर्यंत वर टाकायला ताडपत्री १,५००. बिलांचे फोटो तुम्हाला तेव्हाच पाठवले होते.

पण तुमच्या तक्रारीत एक मुद्दा आहे जो तुम्ही नीट मांडला नाही, म्हणून मीच मांडते. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर आपण जो करार केला, त्यात धाब्याचं कलम नाही. भिंतीला खिळा नको, चुलीजवळ केबल नको, हे सगळं आहे. धाब्याचं मी फक्त तोंडी बोलले. रेकीला आलेला माणूस वेगळा, शूटला आलेला वेगळा, एकाने ऐकलेलं दुसऱ्यापर्यंत गेलं नाही. तोंडी शब्दावर गाव चालतं, शूटिंगचं युनिट चालत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. म्हणून निम्मे, म्हणजे ७,२५० रुपये, आज मी तुमच्या खात्यावर परत पाठवते आहे. निम्मे ठेवते, कारण कागदावर नसलं तरी वर चढण्याआधी खाली एकदा विचारता आलं असतं.

दहाच्या वेळेबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. करार सकाळी नऊ ते रात्री नऊचा होता, वरचा एक तास मी पैसे न घेता दिला. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा नाही, हा देशभराचा नियम आहे, २००० सालापासूनचा. तो नसता तरी मी थांबवलं असतं. समोरच्या घरी वीस दिवसांची बाळंतीण होती. मागच्या आळीतल्या बाया पहाटे पाचला उठून मजुरीला जातात. तुमचं युनिट दोन दिवसांनी गेलं, मला त्यांच्यात राहायचं आहे. त्याच बायांनी आदल्या दिवशी तुमच्या हिरोइनच्या नऊवारीला टाके घातले होते, तेही हौसेने.

कागदांचं म्हणाल, तर मी एकच कागद दोनदा मागितला. तुमच्या सीनमध्ये सात वर्षांचं लेकरू होतं. बालकलाकार असेल तर जिथे शूट होतं तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर आणि सलग तीन तासांच्या वर त्याला कामावर ठेवता येत नाही. तो कागद शेवटपर्यंत मला दिसला नाही. मुलगा दुपारी तीनला ओट्यावर बसल्या बसल्या झोपला होता आणि त्याला उठवायला माणूस आला, तेव्हा मी मध्ये पडले. हा छळ वाटला असेल तर वाटू द्या.

देवघरात आमच्या कानबाईचं, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीचं, नारळ आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, सुरतला, पुण्याला गेलेली भावकी त्या दिवशी या एका खोलीत येते. तुमच्या आर्टच्या पोरांना तिथले टाक उचलून प्लास्टिकच्या मूर्ती मांडायच्या होत्या. चौक, देवडी, माजघर, वरची खोली, सगळं दिलं. ती खोली कुणालाच देत नाही, अगदी पहिल्यांदा इथे अहिराणी गाण्याचं शूट झालं तेव्हापासून.

आणि आता ते वाक्य. भाऊ, हे घरच आहे. पोरं बाहेर, शेतीचं उत्पन्न पावसावर, आणि मातीचा वाडा उभा ठेवायला दरवर्षी पैसा लागतो, म्हणून आम्ही शूटिंगला देतो. भाड्यातूनच खारी पडते, तुळयांना तेल लागतं. आमच्याच गावातले असे चार वाडे गेल्या काही वर्षांत पाडून तिथे स्लॅब पडले. तुम्हाला ज्या भिंतीचा रंग आवडला तो सासूबाई दर दिवाळीला स्वतः सारवतात, म्हणून तो तसा आहे. कुणी राहत नसतं तर तुम्हाला शूट करायला भिंतीच राहिल्या नसत्या.

तुमची सगळी माणसं वाईट होती असं माझं म्हणणं नाही, हेही इथेच लिहिते. तुमच्या एका लाइटमनने तुळशीवृंदावन हलवायच्या आधी चप्पल काढली आणि सासूबाईंना विचारलं. स्पॉटच्या दोन दादांनी पॅकअपनंतर रात्री साडेदहाला अख्खा चौक धुतला. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

नवीन करारात धाब्याचं, गिरणीचं, देवघराचं वेगळं पान जोडलंय आणि शूटच्या आदल्या दिवशी दोघांच्या सह्यांनी फोटो काढायचे असं ठरवलंय. तुम्हाला परत यायचं असेल तर दिवाळीनंतर या. खारी तोवर घट्ट बसलेली असते, हवाही बरी असते, आणि जिबसाठी खळ्याची जागा आहे. तिथून धाब्याची कड पूर्ण दिसते, मी उभं राहून पाहिलंय.

एक राहिलं. पान खातानाच्या सीनसाठी सासूबाईंचा पितळी अडकित्ता घेतला होता, तो सामानात गेला असावा. मुठीला लाल दोरा गुंडाळलेला आहे. त्याचे पैसे मी कापले नाहीत आणि मला ते नकोही आहेत, तो त्यांच्या आईचा आहे. एसटीच्या पार्सलने अमळनेर स्टँडवर पाठवलात तरी चालेल. फोन करा, मी येऊन घेऊन जाईन.