खुलासा : शबरीमलाच्या नावाखाली साताऱ्यात फिरणारा मेसेज

‘शबरीमलाचा निकाल रद्द झाला, आता कुठल्याही देवळात बायकांना अडवता येतं’ असा मेसेज साताऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. हे खोटं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ सप्टेंबर २०१८ ला केरळातल्या शबरीमला मंदिरात सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश दिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यातले प्रश्न मोठ्या घटनापीठाकडे गेले, पण निकाल तेव्हा रद्द केला नव्हता.

आणि मुळात आपल्याकडे त्या निकालाची वाट बघायची गरजच नाही! मंदिरप्रवेशाचा कायदा महाराष्ट्रात १९५६ पासून आहे, अडवणाऱ्याला कैदेची तरतूदही त्यात आहे. त्याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१६ मध्ये स्त्रियांचा हक्क मान्य केला, आणि त्याच गुढीपाडव्याला शिंगणापूरचा शनीचा चौथरा बायकांना खुला झाला. मात्र गाभारा पुरुषांनाही बंद असेल, तर तिथे भेदभाव होत नाही. हा फरक मेसेज लिहिणाऱ्याने गाळलाय.

मेसेज वाचून माझी मावशी परवा खणानारळाचं ताट घेऊन उंबऱ्याबाहेरूनच परतली. शेजारून पुरुष आत जात होते. ते बघून फार वाईट वाटलं. मावशी, पुढच्या मंगळवारी आपण दोघी जाऊ.