लॉक स्क्रीनवर दुसऱ्याचे मेसेज कशाला?

कॉम्प्युटर लॉक करून चहाला गेलं की आपल्याला वाटतं झालं, आता कोणी काही बघू शकत नाही. फाइल्स नाही बघू शकत, बरोबर आहे. पण त्याच लॉक झालेल्या स्क्रीनवर नवीन आलेला मेल, चॅट, कॅलेंडरमधली डॉक्टरची अपॉइंटमेंट असं काय काय येत राहतं, ते वाचायला पासवर्ड लागत नाही, आणि बहुतेकांनी हे बंद करायचं सेटिंग कधी उघडूनसुद्धा बघितलेलं नसतं.

यावर बोललं की लोक लगेच म्हणतात, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे नसेल हो, पण ज्याने मेसेज पाठवलाय त्याचं काय? बहिणीने तिच्या रिपोर्टबद्दल लिहिलंय, मित्राने पैशाची अडचण सांगितलीये, ऑफिसमधली कोणीतरी नोकरी सोडायच्या विचारात आहे आणि फक्त तुम्हाला विश्वासाने कळवतेय. हे त्यांनी तुम्हाला सांगितलंय, शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला नाही. मला तर वाटतं ही प्रायव्हसी आपल्यापेक्षा त्यांची जास्त आहे आणि ती सांभाळायची जबाबदारी मात्र आपली.

त्यात आपल्याकडे पर्सनल कॉम्प्युटर नावालाच पर्सनल. लॅपटॉप हॉलमध्ये टेबलावर पडलेला, मुलांचा अभ्यास त्यावरच, नवऱ्याचं ऑफिसचं काम त्यावरच, येणाजाणाऱ्याची नजर पडणारच. प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करून ठेवलेली घरं फार कमी. फोन लिंक, म्हणजे फोन कॉम्प्युटरला जोडणारं विंडोजचं ॲप, लावून ठेवलं असेल तर फोनवरचे मेसेजपण कॉम्प्युटरवर येतात, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा.

आता सगळंच बंद करा असं मी म्हणत नाहीये, कारण मग मीटिंग हुकते आणि माणूस वैतागून सगळं परत चालू करतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग नोटिफिकेशन्स, तिथे वरचा नोटिफिकेशन्सचा बाण उघडला की लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशन दाखवायचं एक बटण आहे आणि रिमाइंडर आणि इंटरनेट कॉल दाखवायचं दुसरं, वेगळं. पण मला त्याहून आवडतं ते खाली ॲपच्या यादीत आहे. एकेका ॲपवर क्लिक केलं की 'हाइड कंटेंट व्हेन नोटिफिकेशन्स आर ऑन लॉक स्क्रीन' असं मिळतं, ते चालू केलं की काहीतरी आलंय एवढं कळतं, आत काय लिहिलंय ते दिसत नाही. मेल आणि चॅटला हे कराच. आणि एक लक्षात ठेवा, जीमेल वगैरे क्रोममध्ये उघडत असाल तर त्याचं नोटिफिकेशन क्रोमच्या नावाने येतं, म्हणजे सेटिंग क्रोमला करायचं, यादीत जीमेल शोधत बसू नका.

मॅकवाल्यांना सोपंय, नोटिफिकेशन्समध्ये 'शो प्रिव्ह्यूज' ला 'व्हेन अनलॉक्ड' निवडा, बास. उबंटूमध्ये पण सेटिंग्जच्या नोटिफिकेशन्समध्ये लॉक स्क्रीनचं बटण आहे. अर्थात स्क्रीन लॉकच केली नाही तर या कशाचाच उपयोग नाही, उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायची सवय हवीच.

आणि ऑफिसातल्या आयटीवाल्यांना मनापासून विनंती. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत लॉक स्क्रीनवरची नोटिफिकेशन्स सगळ्या मशीनवर एकदम बंद करायची सोय आहे. पासवर्ड बदला म्हणून सतत मेल पाठवता, मग हेही करून टाका ना, निदान एचआर आणि अकाउंट्सच्या मशीनवर तरी, कारण तिथे येणारा जवळजवळ प्रत्येक मेल दुसऱ्या कोणाच्यातरी पगाराचा, रजेचा नाहीतर आजारपणाचा असतो.