दऱ्यांचा दर्या

आज सकाळी वाचक असलेल्या एका काकूंनी माझ्या पुस्तकाच्या ई-बुकचा स्क्रीनशॉट पाठवला. मूळ वाक्य, 'दऱ्या उतरून गाव गाठलं.' पडद्यावर, 'दर्या उतरून गाव गाठलं.' सह्याद्रीत समुद्र! सोबत हसरा चेहरा. मला मात्र हसू आलं नाही.

जो तो सांगतो, स्वतःच पुस्तक काढतोस तर कागदाच्या फंदात कशाला पडतोस, ई-बुक फुकटात होतं. फुकटात असा दर्या होतो!

पुस्तक जुळवलेलं जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराचा सगळीकडे चालणारा ठरलेला क्रमांक) नसलेल्या फॉन्टात. छपाईला त्याने काही बिघडत नाही, पीडीएफमधून कागदावर अक्षराचा नुसता आकार उतरतो. ई-बुकला युनिकोड लागतं आणि जुन्या फॉन्टाचं युनिकोड करून देणारा कन्व्हर्टर 'ऱ्य'चा 'र्य' करून मोकळा होतो. बरं, सगळे 'र्य' एका फटक्यात बदलावेत, तर सूर्याचा 'सूऱ्य' आणि धैर्याचं 'धैऱ्य' होतं. म्हणजे 'र्य' शोधायचा, थांबायचं, वाक्य वाचायचं, मगच बदलायचा. मग तसाच 'र्ह', कारण गुऱ्हाळ, तऱ्हा आणि कऱ्हाड तिथेच अडकतात, पण 'अर्हता'ला हात लावायचा नाही. हे माणसाने डोळ्यांनीच करायचं काम आहे, दोनशे पानांना दोन-तीन दिवस सहज जातात. त्याचे पैसे फुकटवाले धरतच नाहीत.

आणि कागदाच्या वासाचं कौतुक सांगणाऱ्यांनीही थांबा. वास राहू दे, पुस्तक मधोमध उघडून पान हलकेच ओढून बघा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे पानं न शिवता पाठीला नुसती चिकटवतात त्यात, पाठ नीट खरवडली नसेल तर डिंक कागदात मुरत नाही आणि पान हातात येतं. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पाठीला आडवा गेला असेल तर पावसाळ्यात पानं लाटांसारखी उठतात. फॉर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवून घ्या, खर्च वाढतो पण पुस्तक टिकतं. छपाई १६ पानी फॉर्म्यांत होते. १६० पानं म्हणजे नेमके १० फॉर्मे. १६३ झाली की अकरावा उघडतो आणि १३ कोऱ्या पानांचे पैसे तुमच्या खिशातून. अशा वेळी मनोगत तीन पानांनी कापावं. (वाचकही दुवा देईल.)

तरी मी कागदाच्याच बाजूचा. छापील पुस्तक मैत्रिणीला देता येतं, ती परत करत नाही, तिची बहीण वाचते. ई-बुकात हे होत नाही. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. ई-बुकवर ५ टक्के, तोही छापील आवृत्ती असेल तर, नाहीतर १८. ॲमेझॉनच्या किंडलवर भारतातल्या विक्रीचं ७० टक्के मानधन हवं तर त्यांच्या केडीपी सिलेक्ट योजनेत जायचं, म्हणजे ९० दिवस ई-आवृत्ती दुसरीकडे कुठेही ठेवायची नाही. नाहीतर ३५ टक्के घ्या.

हो, वितरक ४०-५० टक्के कापतो, मान्य. डिसेंबर २०२४मध्ये टपालाची रजिस्टर्ड प्रिंटेड बुक सेवाही बंद झाली, पुढचे काही महिने एक प्रत पाठवायचा खर्च किमतीला खात होता, तेही मान्य.

हे लिहिताना तो स्क्रीनशॉट पुन्हा उघडला. सकाळी रागात एक गोष्ट सुटली होती. पडद्यावर जेमतेम पाच ओळी मावल्या होत्या, एवढं अक्षर मोठं केलेलं. माझी छापील आवृत्ती आहे ११ पॉइंटात. काकूंना ती वाचताच आली नसती. आणि ई-बुकातही अक्षर बारीक असतं तर 'दर्या' कुणाच्या नजरेत भरला असता?

ठीक आहे. ई-बुकही राहील.

फाइल दुरुस्त करून आज रात्री चढवतोय. ज्यांनी आधी घेतलंय त्यांच्याकडे ऑटोमॅटिक अपडेट बंद असेल तर नवी आवृत्ती आपोआप येणार नाही, सेटिंगमध्ये जाऊन तेवढं चालू करा. काकू, तोवर दर्या दिसला की दरी समजा आणि सावकाश उतरा.